स्नोब्लोअरचे इंजिन अडखळणे

स्नोब्लोअर म्हणजे दारासमोर साचलेला बर्फ आत ओढून नळकांड्यातून बाजूला भिरकावणारे यंत्र. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत ते घरोघरच्या गॅरेजमध्ये दिसते. त्याचे पेट्रोल इंजिन सुरू होते, पण एका लयीत चालत नाही. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. बर्फात घातले की काही वेळा मानच टाकते. या चढउताराला तिकडचे मेकॅनिक ‘हंटिंग’ किंवा ‘सर्जिंग’ म्हणतात. कारणे अनेक आहेत, पण बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या) सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात निघतो. तो त्या दिवशी झालेलाही नसतो. मागच्या एप्रिलमध्ये यंत्र कोपऱ्यात सारले तेव्हाच झालेला असतो.

या यंत्राचा जन्म क्यूबेकचा. आर्तूर सिकार यांनी बनवलेले, ट्रकवर बसवलेले यंत्र १९२७ मध्ये मॉंट्रियलजवळच्या ऊत्रमाँ या गावाने विकत घेतले. हाताने ढकलायची घरगुती यंत्रे १९५० नंतर आली. त्यांत मुख्य दोन प्रकार आहेत. ‘सिंगल स्टेज’ यंत्रात एकच फिरकी बर्फ ओढते आणि फेकतेही. ‘टू स्टेज’ यंत्रात पुढचा दातेरी ऑगर, म्हणजे मळसूत्री फिरकी, बर्फ ओढतो आणि मागचा पंखा तो फेकतो. टू स्टेज यंत्रावर बहुधा एका सिलिंडरचे फोर स्ट्रोक इंजिन असते. अनेक दशके त्यावर टेकुम्से या अमेरिकी कंपनीचे ‘स्नो किंग’ इंजिन असे. त्याचे उत्पादन २००८ च्या सुमारास थांबले, तरी ती इंजिने अजूनही ठिकठिकाणी राबताना दिसतात.

आवाज चढतो-उतरतो तो का, हे कळले की अर्धी दुरुस्ती झाली. या इंजिनाला गव्हर्नर असतो. फेरे मिनिटाला सुमारे ३६०० राखायचे, बर्फ जड लागला की थ्रॉटल (इंजिनात मिश्रण सोडणारी झडप) उघडायचा आणि हलका झाला की मिटायचा, एवढे त्याचे काम. थ्रॉटल जवळपास मिटलेला असताना पेट्रोल पायलट जेटच्या बारीक वाटेने येते. ती वाट अर्धी बुजली की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. फेरे पडतात. गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मग मेन जेट या मोठ्या छिद्रातून पेट्रोल येते आणि इंजिन उसळते. फेरे वाढले म्हणून गव्हर्नर थ्रॉटल मिटतो, की पुन्हा उपासमार. म्हणजे गव्हर्नर आपले काम चोख करत असतो आणि लोक नेमका त्याच्याच स्प्रिंगला हात घालतात. ती ताणून आवाज स्थिर झाल्यासारखा वाटला तरी फेरे मर्यादेबाहेर गेले तर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या पोटाला भोक पडू शकते.

म्हणून पान्याआधी चोक, म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. इंजिन पाचएक मिनिटे तापू द्यावे आणि चोक हळूहळू अर्धा लावावा. आवाज सरळ झाला, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. उलट इंजिन गुदमरले, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होते आहे. मग चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी सुई गळते का, ते पाहायचे. मोकळे असताना अडखळणारे इंजिन बर्फात घातल्यावर नीट चालू लागले, तर संशय पायलट जेटवर. मोकळे नीट आणि बर्फात मेले, तर मेन जेटवर. अर्धा चोक लावून अख्खा हिवाळा काढणारेही आहेत. काम भागते, पण तो इलाज नव्हे.

कार्बोरेटर उघडण्याआधी दोन सोप्या गोष्टी पाहाव्यात. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बर्फाने किंवा मळाने बुजले की टाकीत निर्वात होतो आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटांनी मरते. झाकण सैल करताच ते पुन्हा चालू लागले, तर रोग सापडला. दुसरी गोष्ट पेट्रोल. थोडे काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरावे. आंबूस, वार्निशासारखा वास म्हणजे ते शिळे झाले. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी. अमेरिकेत बहुतेक पंपांवरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, मुख्यतः मक्यापासूनचे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, त्यात थंडी वाढली, की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल मिळते ते तळातूनच.

आता बाउल, म्हणजे कार्बोरेटरखालची वाटी. टाकीचा कॉक बंद करायचा (कॉक नसेल तर नळी चिमटायची), खाली डबा धरायचा आणि तळाचा एकच बोल्ट काढायचा. जुन्या ‘स्नो किंग’च्या काही कार्बोरेटरांत हा बोल्ट हाच मेन जेट असतो. मधून आरपार भोक असतेच. पण आट्यांजवळच्या खाचेत आणखी एक छिद्र असते, केसाएवढे, चष्मा लावूनही चटकन न दिसणारे. पायलटच्या वाटेला पेट्रोल जाते ते तिथूनच. मोठे भोक साफ करून बोल्ट परत लावणाऱ्याला हे दुसरे छिद्र ठाऊक नसेल तर दुरुस्ती केल्यावरही इंजिन तसेच अडखळते, आणि मग निष्कारण नवा कार्बोरेटर मागवला जातो. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू या छिद्रातून फिरवावा, कार्बोरेटर क्लीनर मारावा, उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहावे. ड्रिलचे पाते किंवा पोलादी सुई नको. छिद्र एकदा रुंदावले की माप कायमचे बिघडते. नव्या इंजिनांत प्रदूषणाच्या नियमांमुळे मिश्रणाचे स्क्रू बहुधा नसतातच. पायलट जेट प्लास्टिकच्या टोपीखाली दडलेला असतो आणि स्क्रू फिरवून वेळ मारून नेण्याची सोय उरलेली नाही. वाटीत पांढरा भुगा किंवा हिरवट चिकटा फार असेल तर नवा कार्बोरेटर बसवणे शहाणपणाचे, साफसफाईचे तासच महाग पडतात.

कार्बोरेटर स्वच्छ असूनही तोच आवाज आला तर तो आणि सिलिंडर यांच्यामधले गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पातळ चकती) पाहावे. फाटले असेल किंवा नट सैल असतील, तर तिथून हवा शिरते.

कार्बोरेटरभोवतीच्या पत्र्याच्या पेटीबद्दल थोडे सांगायला हवे. या इंजिनांना बहुधा एअर फिल्टर नसतो. हिवाळ्यात धूळ नसते आणि फिल्टर बर्फाने बंद पडेल. त्याऐवजी ही पेटी सायलेन्सरजवळची ऊबदार हवा कार्बोरेटरला देते. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर आणखी गार पडतो आणि उडता बर्फ आत गेला की तिथेच गोठतो. दुरुस्तीनंतर ‘हिचे काय काम’ म्हणून पेटी बाजूला ठेवली जाते, आणि गॅरेजमध्ये झकास चाललेले इंजिन बाहेर अर्ध्या तासात धापा टाकते.

बाकीची कारणे क्वचितची. स्पार्क प्लग काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. त्याची फट बहुतेक इंजिनांत ०.७६ मिलिमीटर. तापल्यावर मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणे) सुरू होते आणि गार झाल्यावर जाते, तर इग्निशन कॉइल तपासावी. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हॉल्व्हची फट बिघडली की कॉम्प्रेशन पडते. फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक) जागेवर धरणारी चावी अर्धवट कापली जाऊन ठिणगीचे टायमिंग सरकणे हा खरा गवत कापणाऱ्या यंत्राचा आजार. तिथे पाते थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला असते. स्नोब्लोअरमध्ये मध्ये पट्टा असतो आणि ऑगरवर मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या शिअर पिना, त्या आधी तुटतात.

ही तपासणी गॅरेजचे दार लावून करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अडकलेला बर्फ इंजिन बंद केल्यावरही हाताने काढू नये, काठीने काढावा. काही यंत्रांत पट्ट्यातला ताण फिरकीला एक झटका देतो आणि बोटे जातात.

महाराष्ट्रात स्नोब्लोअर नाही, पण आजार ओळखीचा आहे. कोकणातल्या बागेत पावसाळ्यानंतर टांगून ठेवलेला ग्रास कटर पुढच्या जूनमध्ये असाच रुसतो. त्याच्या कार्बोरेटरची घडण वेगळी असली तरी शिळे पेट्रोल तेच, आणि आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत, त्यातले बरेच उसाचे.

हिवाळा संपला की उपाय दोन. टाकीत ताज्या पेट्रोलबरोबर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य) घालून ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतके इंजिन चालवायचे, किंवा टाकी रिकामी करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे. दुसऱ्या पद्धतीत कॉक बंद केल्यावर काही मिनिटे काहीच होत नाही. मग पेट्रोल कमी पडू लागते आणि बंद पडण्याआधी निरोगी इंजिनसुद्धा तसेच चढउतार करते. तो आवाज नीट ऐकून ठेवावा. डिसेंबरमध्ये पहिल्या बर्फाला तोच आला, तर कुठे पाहायचे ते ठाऊक असते.