मिथेनॉल आणि एथेनॉल : एका कार्बनाचा फरक

फोंड्यात दहावीला कार्बनी संयुगांचा धडा आला की वर्गातून प्रश्न येतोच : "सर, दोन्ही अल्कोहोलच ना? मग एकाने माणूस झिंगतो आणि दुसऱ्याने आंधळा कसा होतो?"

झिंग आणणारं ते दारूतलं एथेनॉल, आंधळं करणारं ते मिथेनॉल. वरवर पाहिलं तर दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यात हवे तितके मिसळणारे. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं, एथेनॉल ७८.४ला. ज्योत दोघांचीही फिकट निळी, म्हणून दारू पेटवून शुद्धता पाहण्याचा प्रकार मुळीच भरवशाचा नाही. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये थोडं एथेनॉल घालून परीक्षानळी गरम पाण्यात धरली की नारिंगी रंग आधी मळकट होतो, मग हिरवा. मिथेनॉल घातलं तरी तेच. रंग फक्त ऑक्सिडीभवन (ऑक्सिजन मिळण्याची किंवा हायड्रोजन जाण्याची क्रिया) झालं एवढंच सांगतो, तयार काय झालं ते सांगत नाही. आणि सगळा फरक तिथेच आहे.

एथेनॉलपासून आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग अॅसिटिक आम्ल. माडाची सूर (माडी) उघडी राहिली की जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने हेच करतात. सोरपोतेलात (गोव्यातल्या डुकराच्या मांसाच्या कालवणात) पडणारं विनेगर ते हेच. आपलं यकृतही याच वाटेने जातं. मधलं अॅसिटाल्डिहाइड विषारीच, पण अॅसिटिक आम्ल पचवणं शरीराच्या रोजच्या सवयीचं.

मिथेनॉलवरही यकृतातलं तेच विकर (एन्झाइम) काम करतं. पण तयार होतं फॉर्मल्डिहाइड (प्रयोगशाळेत बरणीतले बेडूक ज्यात ठेवतात त्या फॉर्मॅलिनमधलं), आणि लगेच पुढे फॉर्मिक आम्ल. ते शरीराबाहेर फार हळू जातं. साचत गेलं की पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, आणि त्याचा मोठा फटका डोळ्याच्या मज्जातंतूला बसतो. म्हणजे मारक मिथेनॉल स्वतः तितकं नाही, जितकं त्याचं ऑक्सिडीभवन.

म्हणूनच उपचार मला फार सुंदर वाटतो : ते ऑक्सिडीभवनच अडवायचं. रुग्णालयात फोमेपिझोल (हे विकर रोखणारं औषध) देतात, नाहीतर मोजून एथेनॉल. विकर एथेनॉलला आधी धरतं, मिथेनॉल न बदलता राहतं आणि डायलिसिसने काढता येतं. घरी करण्याचा हा उपाय नव्हे.

काजूच्या बोंडूंतल्या पेक्टिनमुळे (फळांतल्या चिकट घटकामुळे) फेणीतही किंचित मिथेनॉल येतं. बळी जातात ते बहुधा भेसळीत ओतलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. त्रास बारा ते चोवीस तासांनीही सुरू होतो. पिऊन दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, तर नशा उतरतेय असं समजून झोपू नका. थेट रुग्णालय गाठा.