प्रतिनायक, खलनायक की अँटी-हिरो? वाईट माणसांच्या फँटसीची पार्श्वभूमी

गणपतीची चवथ संपली की आमच्याकडे गोव्यात वाड्यावाड्यावर पोरं लोखंडाच्या सळ्या वाकवायला बसतात, मग गवत, जुने कपडे, कागद, रंग, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री जो उभा राहतो तो नरकासुर. म्हापसा, पणजी, मडगाव, वास्को, कुठेही जा, स्पर्धा असते ती नरकासुरांची. त्याला मारणारा कृष्ण असतो, नाही असं नाही, पण बाजूला, लहानसा, आणि कित्येक ठिकाणी तर आयत्या वेळी कुणाच्या तरी मुलाला मोरपीस लावून उभा केलेला. पहाटे नरकासुर जळतो, घरी येऊन कारीट फोडायचं, फोव म्हणजे पोहे खायचे आणि झोपायचं. तक्रारही दरवर्षी ठरलेली, की असुराचा एवढा उदोउदो कशाला.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या वाचनकट्ट्याने यंदा दिवाळीआधीच्या बैठकीला विषय घेतलाय खलनायक किंवा अँटी-हिरो मुख्य पात्र असलेल्या फँटसी कादंबऱ्यांचा, आणि पोस्टरवर मराठीत काय लिहायचं यावरूनच दोन रविवार वाया गेले. फँटसी म्हणजे काय, एल्फ-ड्रॅगन-अंगठी वगैरे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. भांडण झालं ते शब्दावर, म्हणून आधी शब्दच घेतो.

कुणीतरी 'प्रतिनायक' सुचवलं. समीक्षेत आणि पेपरात अँटी-हिरोला हाच शब्द वापरतात, अँटी म्हणजे प्रति, हिरो म्हणजे नायक, झालं काम. अडचण अशी की हा शब्द रिकामा नव्हता, त्यात आधीच कुणीतरी राहत होतं. दहाव्या शतकात माळव्याच्या दरबारात लिहिलेल्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्राच्या ग्रंथात प्रतिनायकाची व्याख्या चक्क दिलेली आहे: नायकाचा शत्रू, लोभी, धीरोद्धत म्हणजे गर्विष्ठ, हट्टी, पापी, व्यसनी. उदाहरण म्हणून रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. म्हणजे नाटक रामाचंच, रावण फक्त पलीकडच्या बाजूचा. आज ज्याला आपण व्हिलन म्हणतो तोच हा.

अँटी-हिरो हे प्रकरण एकदम उलटं. तो पलीकडे नसतोच, तो नायकाच्याच खुर्चीत बसलेला असतो, फक्त नायकाचे गुण त्याच्यात नसतात. 1864 च्या एका रशियन लघुकादंबरीतला निवेदक शेवटी शेवटी स्वतःच म्हणतो की अँटी-हिरोला लागणारे सगळे गुण इथे मुद्दाम गोळा केलेत. आणि हा माणूस कोण, तर नोकरी सोडून बसलेला किरकोळ सरकारी कारकून, कुरकुऱ्या, यकृत दुखतंय म्हणून पहिल्याच पानापासून तक्रार करणारा. ना तलवार, ना राज्य, ना शत्रू. दशरूपकाच्या हिशेबाने तो प्रतिनायक होऊच शकत नाही, कारण 'प्रति' व्हायला समोर नायक तरी पाहिजे ना.

मग राहिला 'खलनायक'. हा तर सिनेमामुळे घराघरातला शब्द, अर्थ व्हिलन. पण फोड करून बघा: खल असलेला नायक. म्हणजे आपल्याला नेमकं जे म्हणायचंय तेच! जो शब्द शास्त्राप्रमाणे व्हिलन तो आपण अँटी-हिरोला लावला आणि ज्याच्या फोडीतच वाईट नायक बसलाय तो व्हिलनला, दोघांनी एकमेकांच्या खुर्च्या घेतल्यात आणि आता कुणी उठायला तयार नाही.

मला विचाराल तर खरी अडचण दोन शब्दांचीही नाही, कारण माल तीन प्रकारचा आहे. एक, जो वाईट आहे, वाईट राहतो, आणि तरी गोष्ट त्याचीच. दुसरा, भाडोत्री, स्वतःपुरतं बघणारा, पण ज्याच्या हातून अधूनमधून बरं काही घडून जातं. आणि तिसरा, ज्याला जग वाईट म्हणतं पण पुस्तक वाचून झाल्यावर कळतं की बिचाऱ्यावर अन्यायच झाला होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, म्हणजे 1290 साली, पसायदानात मागणं आहे 'जे खळांची व्यंकटी सांडो', खळ मरोत असं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो. देवाकडे मागायला हे फार मोठं आहे, पण कादंबरीकार जेव्हा स्वतःच बसून हे काम करतो तेव्हा खळ उरतच नाही. या तिसऱ्या प्रकाराला मी व्यंकटी काढलेला खळ म्हणतो, आणि खलनायकाची कादंबरी म्हणून दुकानात जे मिळतं त्यात या मालाचीच गर्दी असते.

जुन्या काळाचं थोडक्यात. संस्कृतात 'ऊरुभंग' हे एकांकी नाटक दुर्योधनाचं आहे, मांड्या फुटलेला दुर्योधन रंगमंचावर मरतो आणि सहानुभूती सगळी त्याच्याकडे जाते. शतकानुशतकं या नाटकाची फारशी कुणाला खबर नव्हती, हस्तलिखित केरळात मिळालं आणि 1912 मध्ये छापलं गेलं. नरकासुराचंही तेच बघा, आपल्याकडे तो जाळायचा पुतळा, पण पुराणाप्रमाणे तो भूदेवीचा मुलगा, आणि आसामात जुन्या कामरूपच्या राजांनी आपला वंश त्याच्यापासून सांगितलाय, सातव्या शतकातल्या ताम्रपटात नरक, मग त्याचा मुलगा भगदत्त, अशी वंशावळ कोरलेली आहे. एकाचा असुर तो दुसऱ्याचा खापरपणजोबा.

गोव्याचाही एक दुवा इथे आहे, तो बाहेर फारसा कुणी जोडत नाही. खलनायकाला मध्यभागी आणणाऱ्या साहित्याचा विषय निघाला की इंग्रजीवाले 1667 च्या 'पॅराडाइज लॉस्ट'पासून सुरुवात करतात, कारण त्यातला सैतान देवापेक्षा भाव खाऊन जातो. पण त्याच्या 51 वर्षं आधी, 1616 मध्ये, आपल्या सासष्टी तालुक्यातल्या रायतुरात एका इंग्रज जेझुइट पाद्र्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, सुमारे 11 हजार ओव्या, मराठीत, आणि त्यात लुसिफेरच्या, म्हणजे याच सैतानाच्या, पतनाची गोष्टही आहे. तो तिथे हिरो नाहीये, स्पष्ट सांगतो, धर्मोपदेशाचं पुस्तक आहे ते. पण बंडखोर देवदूत ओवीत उतरला तो इथे सासष्टीत, एवढं पोस्टरवर नाही तरी तोंडी सांगायला हरकत नाही. 1861 चं बंगालीतलं 'मेघनादबध काव्य' हे पुढचं मोठं पाऊल, त्यात वजन रावणाच्या मुलाकडे आहे.

आता मूळ विषय. आधुनिक फँटसीत वाईट नायक ठामपणे आला तो 1961 ला, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, एका ब्रिटिश मासिकात आलेल्या दीर्घकथेतून. नायक एल्रिक. त्याआधीचे तलवारबहाद्दर दणकट, हा पांढराफटक, अशक्त, औषधांवर जगणारा, बुडत्या साम्राज्याचा सम्राट, आणि त्याची ताकद येते ती माणसांचे आत्मे पिणाऱ्या तलवारीतून. पहिल्याच गोष्टीत तो स्वतःचंच शहर शत्रूंना घेऊन उद्ध्वस्त करतो आणि जिच्यासाठी गेला ती त्याच्याच तलवारीने मरते. याची व्यंकटी कुणी काढली नाही, हे मला आवडतं.

1977 ला एका अमेरिकन लेखकाने याहून अवघड काम केलं. वडील डॉक्टर, भारतात कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे, लेखकाचं बालपण इथेच गेलेलं. त्याचा नायक थॉमस कव्हनंट हा कुष्ठरोगी, दोन बोटं गेलेली, आपल्या जगातून जादूच्या जगात पोचतो, तिथे बरा होतो, आणि हे सगळं स्वप्न आहे असं धरून सुरुवातीलाच एका मुलीवर बलात्कार करतो. लाखो लोकांनी पुस्तक तिथेच मिटलं असेल, आमच्या ग्रुपमधल्या तिघींनी मिटलं आणि त्यांचं मला पटतं. पण त्या कृत्याचे परिणाम पुढच्या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या चालतात, लेखक त्याला सोडत नाही. बैठकीत यावर वाद होणार हे नक्की, तर निदान पूर्ण वाचून या. 1984 च्या 'द ब्लॅक कंपनी'त भाडोत्री सैनिकांची टोळी दुष्ट राणीच्या पगारावर लढते आणि गोष्ट सांगतो टोळीचा डॉक्टर. महाकाव्य वगैरे काही नाही, पत्ते, चिखल, थकलेली माणसं. दुसऱ्या प्रकारचा खरा पाया हाच.

1995 हे साल गंमतीचं. त्या एकाच वर्षी 'विकेड' आली, 'विझर्ड ऑफ ओझ'मधल्या हिरव्या चेटकिणीची बाजू सांगणारी, आणि 'व्हिलन्स बाय नेसेसिटी' आली, ज्यात चांगुलपणा इतका जिंकलाय की जगाचा तोलच गेला, म्हणून उरलेसुरले खलनायक जग वाचवायला निघतात. दुसरी कल्पना किती भारी! पण चालली पहिली. 2003 ला तिचं म्युझिकल आलं आणि मग प्रकाशकांना फॉर्म्युलाच सापडला, जुनी गोष्ट घ्या, चेटकीण उचला, तिचं बालपण वाईट दाखवा, छापा.

पुढचे दिवस आम्ही प्रत्यक्ष जगलेले, त्यामुळे इथे थोडा हात सैल सुटेल, सांभाळून घ्या. 1996 ला 'अ गेम ऑफ थ्रोन्स' आलं, त्यात जेमी लॅनिस्टर लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो, वाचताना आपण ठरवून टाकतो की हा संपला पाहिजे. आणि 2000 सालच्या तिसऱ्या भागात लेखक अचानक त्याच्याच डोक्यात नेऊन बसवतो. घटना बदललेली नाही, मूल पडलं ते पडलंच, पण ज्या राजाला मारल्याबद्दल जग याच्यावर थुंकतं तो राजा आख्खं शहर जाळायला निघाला होता हे आता कळतं. मी हे वाचलं ते कदंब बसने पणजीला जाता-येता, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये, आणि एका संध्याकाळी स्टॉप चुकला, एवढं सांगितलं तरी पुरे. हा प्रकार दुसरा की तिसरा? मला वाटतं दोन्हीच्या मधे आहे, आणि म्हणूनच चांगला आहे.

2006 ला 'द ब्लेड इटसेल्फ'. त्यातला ग्लोक्टा पूर्वी देखणा तलवारबाज, युद्धात पकडला गेला, शत्रूने छळ करून दात आणि पाय निकामी केले, आणि आता तो स्वतः सरकारी छळ अधिकारी, जिना चढताना कळवळतो आणि वर पोचल्यावर दुसऱ्याचे दात उपटतो. दुःख भोगलेला माणूस दयाळू होतो असं शाळेत शिकवतात, तर तसं काही नाही. वर विनोदही त्यालाच सगळ्यात चांगले येतात. 2011 ला 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स', नायक 13 वर्षांचा राजपुत्र, गुंडांच्या टोळीचा म्होरक्या, पहिल्याच प्रकरणात गाव लुटून जाळतो. त्याच वर्षी गेम ऑफ थ्रोन्सची टीव्ही मालिका सुरू झाली, आणि या सगळ्याला 'ग्रिमडार्क', म्हणजे भीषण काळोखी, असं नाव चिकटलं, जे मुळात 1987 च्या एका टेबलटॉप युद्धाच्या खेळाच्या घोषवाक्यातून आलेलं. आधी टवाळी म्हणून वापरायचे, मग लेखकांनी स्वतःच कॉलरला लावलं. शिव्या दोन्हीकडून पडल्या. एक बाजू म्हणे ही नुसती रक्ताची हौस आहे, बायकांवरचे अत्याचार सजावटीसारखे वापरलेत. दुसरी म्हणे राजेरजवाड्यांचं युग असंच होतं. पहिल्या बाजूत तथ्य आहे, आणि दुसरीचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण ड्रॅगन चालतो तिथे बाकीचं मात्र इतिहासाप्रमाणेच कशाला पाहिजे? 2018 च्या 'द पॉपी वॉर'ने वेगळं केलं: गरीब हुशार मुलगी, प्रवेश परीक्षा, अकादमी, आपण तिच्या बाजूने उभे, आणि शेवटी ती एक आख्खा देश बेचिराख करते. व्यंकटी काढायच्या ऐवजी आपल्या डोळ्यांदेखत घातलेली. जपानी लाइट नॉव्हेलमध्ये, म्हणजे तरुणांसाठीच्या सचित्र हलक्याफुलक्या कादंबऱ्यांत, हाच विषय विनोदी अंगाने गेला, 2012 पासून पुस्तकरूपात आलेल्या 'ओव्हरलॉर्ड'मध्ये एक साधा नोकरदार गेममधल्या सांगाड्या सम्राटाच्या अंगात अडकतो. आमच्या ग्रुपमधली कॉलेजची पोरं हेच वाचतात.

मराठीत काय? 1967 चं 'मृत्युंजय' हे फँटसी नाही, पण कौरवांच्या बाजूचा माणूस मध्यभागी आणायची सवय आपल्याला त्यानेच लावली. फक्त कर्ण हा आधीपासूनच आपल्याला आवडणारा, त्याची व्यंकटी काढायला फार कष्ट नव्हते. 2012 ला इंग्रजीत रावणाच्या तोंडून सांगितलेली 'असुर' आली, मराठीतही आली, 2019 ला आणखी एक 'रावण', आणि आता पुस्तकांच्या दुकानात या रांगेला स्वतंत्र फळी आहे. बहुतेक सगळा तिसरा प्रकार. गंमत म्हणजे पेडण्याकडच्या दशावतारात हे कधीच लागलं नाही. तिथला संकासुर काळ्या वेषात येतो, वेद चोरतो, सगळ्यांची टर उडवतो, पब्लिक हसून लोळतं, मग विष्णू त्याला मारतो आणि लोक पुढच्या आख्यानाची वाट बघतात. त्याचं बालपण कसं गेलं हे कुणी विचारत नाही. नरकासुरवाल्या पोरांचंही तसंच, महिनाभर त्याच्या दातांवर मेहनत घेतात आणि पहाटे स्वतःच काडी लावतात.

पोस्टरवर शेवटी 'खलनायकांच्या फँटसी कादंबऱ्या' असं छापलं, खाली लहान अक्षरात 'आणि अँटी-हिरो'. प्रतिनायकवाले दोघे अजून रुसलेत. त्यातले एक संस्कृतचे निवृत्त शिक्षक, त्यांना 'दशरूपक' दाखवलं तर म्हणाले की ते मला माहीत आहे रे, पण मराठीत आता चाललंय ना तसं. बैठकीला येतो म्हणालेत, बघू.