मेडिक्लेम कंपनीकडे पैसा किती शिल्लक असावा लागतो?

आमच्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या ग्राहकांचा ठरलेला प्रश्न असतो, "कंपनीच बुडाली तर?" प्रश्न रास्त आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. मेडिक्लेमच्या मागे तशी हमी कुणाची नाही. त्यामुळे कंपनीने स्वतः काय राखून ठेवलंय, तेच बघावं लागतं.

समजा, तुम्ही १ ऑक्टोबरला २४,००० रुपये हप्ता भरला. ३१ मार्चला कंपनीचे हिशोब बंद होतात तेव्हा तुमचं निम्मं वर्ष उरलेलं असतं. म्हणून सुमारे १२,००० रुपये कंपनीला कमाई म्हणून दाखवता येत नाहीत, ते बाजूला ठेवावे लागतात. शिवाय मार्चअखेरीला कुणी मिरजेत दाखल झालं आणि बिल एप्रिलमध्ये पोचलं, तर अशा अजून न आलेल्या क्लेमसाठीही अंदाजाने तरतूद करावी लागते. हा अंदाज मुद्दाम कमी धरला की नफा छान दिसतो. म्हणून तो ॲक्च्युअरीकडून, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून, प्रमाणित करून घ्यावा लागतो.

ही सगळी देणी वजा केल्यावरही कंपनीकडे पैसा उरायला हवा. किती? ढोबळमानाने, रिइन्शुरन्सचा (कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी दुसऱ्या कंपनीकडे काढलेल्या विम्याचा) हिशोब धरून, वर्षाच्या हप्त्यांच्या २० टक्के किंवा क्लेमच्या ३० टक्के, यातली मोठी रक्कम. आणि विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआय म्हणते, त्याच्या दीडपट ठेवा. म्हणजे गरज ४०० कोटींची असेल तर हाती ६०० कोटी. यालाच सॉल्व्हन्सी रेशो १.५ म्हणतात. याशिवाय आरोग्य विमा कंपनी सुरू करायलाच किमान १०० कोटींचं भांडवल लागतं.

दर तिमाहीला कंपनी आपला सॉल्व्हन्सी रेशो आपल्या संकेतस्थळावर 'पब्लिक डिस्क्लोजर' या सदरात टाकते. जमत नसेल तर आमच्याकडे या, काढून दाखवतो. एकाच तिमाहीवर मात्र जाऊ नका, दोन-तीन वर्षांचे आकडे ओळीने बघा. १.९ वरून १.६ वर घसरत आलेल्या कंपनीपेक्षा १.७ वर टिकून असलेली आम्हाला बरी वाटते. रेशो चांगला आहे म्हणून क्लेम झटपट मिळेल, असं मात्र समजू नका. त्यासाठी क्लेम किती नाकारले, ते वेगळं बघावं लागतं.

आकडा १.५ च्या खाली गेला तर कंपनी लगेच बंद पडत नाही. नियामक तिच्याकडून सुधारणेचा आराखडा मागतो. घाबरून हप्ता थांबवू नका, त्याने पॉलिसी तुटते आणि जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षा काळ (ज्या सुरुवातीच्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो) वाया जातो. कंपनी बदलायची असेल तर रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी आम्हाला सांगा, पोर्ट करू, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेऊ. पोर्ट केल्यावर जुन्या विमा रकमेपुरता तो काळ धरला जातो. नव्या कंपनीचा होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी चालूच ठेवा.