गावातल्या महाराजांच्या समाधीची न्यास नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

पैठणचे नाथ, तेरचे गोरोबाकाका, अंबाजोगाईचे मुकुंदराज ही मोठी ठाणी झाली. पण मराठवाड्यात अशी गावं भरपूर आहेत, जिथं शिवारात कुणा महाराजांची समाधी आहे, पुण्यतिथीला सप्ताह बसतो, काल्याच्या कीर्तनाला पंचक्रोशी लोटते आणि वर्गणीतून पत्र्याचा सभामंडप उभा राहतो. पैसा आणि जागा आली की हिशेब कुणाच्या नावावर, हा प्रश्न येतोच. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यासाची (ट्रस्टची) नोंदणी करावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अर्ज घेऊन येणारे निम्मे लोक महाराजांच्या चमत्कारांची वही सोबत आणतात. ती घरीच ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देण्याची रीतसर प्रक्रिया आहे, चमत्कारांची तपासणी होते. आपल्याकडे संत ठरवतात ते लोक. ही नोंदणी करणारं धर्मादाय कार्यालय फक्त एवढंच बघतं की न्यास आहे का, तो सार्वजनिक आहे का आणि त्याची मालमत्ता कोणती.

खरी मेख ‘सार्वजनिक’ या शब्दात आहे. शेतात आजोबांची समाधी, दिवा घरचेच लावतात, पाहुणा आला तर दर्शन घेतो, अशी जागा खासगी. गावातल्या कुणालाही हक्कानं दर्शनाला जाता येतं, उत्सव सगळ्यांचा असतो, ती सार्वजनिक. लाभ ठरावीक माणसांचा की सर्वसाधारण भाविकांचा, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयानं 1956 साली देवकीनंदन खटल्यात मांडली. त्याआधी 1953 मध्ये एका विधवेनं पतीच्या समाधीच्या पूजेसाठी वाहिलेल्या मालमत्तेचं प्रकरण आलं होतं. ते समर्पण न्यायालयानं वैध धरलं नाही. म्हणून घरच्या माणसाची समाधी असेल तर नुसत्या श्रद्धेवर भागत नाही. वर्षानुवर्षांच्या उत्सवाच्या पत्रिका, वर्गणीची पावतीपुस्तकं, ग्रामसभेचा ठराव, जुने फोटो असं काहीतरी हाताशी हवं. दर्गा असेल तर मात्र वाट वेगळी. ते काम वक्फ मंडळाकडे जातं, मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे.

अर्ज विश्वस्तानं करायचा, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात, ठरलेल्या नमुन्यात (तिथं सगळे ‘शेड्यूल दोन’ म्हणतात). मुदत न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिने. समाधी जुनी असेल तर उशिराचं कारण अर्जातच लिहा. न्यासाचं नाव, विश्वस्तांची नावं-पत्ते, विश्वस्तपद पुढे कुणाकडे आणि कसं जाणार, स्थावर-जंगम मालमत्ता आणि तिची अंदाजे किंमत, सरासरी उत्पन्न-खर्च, कर्ज-बोजा हे सगळं भरायचं. सोबत न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी स्टॅम्प. विश्वस्तपदाच्या रकान्यात ‘वंशपरंपरेने’ असं सहज लिहून टाकू नका. गादीवरून होणारी बहुतेक भांडणं तिथंच रुजतात.

जागेचे कागद सगळ्यात जास्त वेळ खातात. सातबारा बहुधा शेतकऱ्याच्या नावावर असतो आणि त्यानं ‘घ्या की दोन गुंठे’ एवढंच तोंडी सांगितलेलं असतं. तो हयात असेपर्यंत ठीक, नंतर मुलं वाटणी मागतात. म्हणून दुय्यम निबंधकाकडे दानपत्र नोंदवून घ्या, मग फेरफार. समाधी गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा लागेल.

देवस्थानाला इनाम जमीन असेल तर निजामकाळातला मुंतखब (इनामाची सरकारी नोंद) शोधा. तो उर्दूत असतो आणि गावात वाचणारा कुणी उरलेला नसतो, म्हणून मराठी भाषांतर करून जोडा. 1954 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल तहसीलमधून काढा. मुंतखबातली नोंद आणि आजचा सातबारा जुळत नसेल तर नोंदणीच्या आधी तो गुंता सोडवलेला बरा. पुजाऱ्याच्या घराण्याचं नाव कब्जेदार म्हणून लागलेलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत तेच मालक समजू लागतात.

अर्ज दाखल झाला की चौकशी होते. हरकती मागवणारी नोटीस निघते, सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्त साक्षीपुरावा बघून निर्णय देतात. गावात दोन गट असतील तर हरकत येणारच, घाबरू नका, पण सगळे मूळ कागद जवळ ठेवा. नोंदणी नाकारली तर 60 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येतं.

नोंदणी क्रमांक मिळाला की देणगी न्यासाच्या खात्यात घ्या, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. न्यासाची जमीन विकायची असेल तर कलम 36 खाली आधी परवानगी लागते. विश्वस्त वारला, बदलला किंवा नवी मालमत्ता आली तर बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा. हा अर्ज सगळ्यात जास्त राहून जातो, आणि मग पीटीआरच्या (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर वारलेल्या मंडळींचीच नावं असल्यानं बँक खातं चालू द्यायला कां-कू करते.