गंजी केंद्रातली गोळी : पेशंट सेफ्टीचा विषय आला कुठनं?

2019च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेचं पाणी निपाणी-चिकोडीकडच्या गावांत शिरलं तेव्हा आमची काकू पाच दिवस शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात होती (आता सरकारी कागदावर काळजी केंद्र म्हणतात, कन्नडात पण काळजीच). बीपीची फाइल, गोळ्या सगळं घरात पाण्याखाली. कॅम्पातल्या डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, काकूनं मराठीत सांगितलं, "बारकी पांढरी, सकाळी एक", आणि पुडीत आली ती शुगरची गोळी. शेजारी नर्सिंगला असणारी एक पोरगी होती, तिनं स्ट्रिपच्या कापलेल्या तुकड्यावरचं नाव वाचलं म्हणून वाचलो. डॉक्टरला तरी काय बोलायचं, एकटा माणूस आणि लाइन गेटपर्यंत.

उपचारातनंच पेशंटला इजा होऊ नये, हाच पेशंट सेफ्टीचा विषय. पण मदतीच्या धावपळीत मदतच अंगाशी येणं, हे लई जुनं आहे. प्लेगच्या वेळी हाफकिन ह्या शास्त्रज्ञानं 1897 साली मुंबईत लस काढली, दुसऱ्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांना टोचली पण. (देवीची लस तर आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोतच व्हायची, आपण तिथं नुसते वॉकिंगला जातो.) मग 30 ऑक्टोबर 1902ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना प्लेगची लस दिली आणि त्यातले 19 जण धनुर्वातानं गेले, एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतले. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला, हे नंतर पुढं आलं, पण तोवर खापर हाफकिनच्या लॅबवर फुटलं होतं आणि बिचारा निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. लस चांगली, हेतू चांगला, घात केला तो चिमट्यानं. मला तर ह्या विषयाची सुरुवात इथनंच वाटते.

ह्याच्या बरोबर उलटी गोष्ट 1971ची, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांची. पश्चिम बंगालात बनगावला कॉलरा पेटलेला, सलाइन संपत आलेली, आणि असली तरी ती लावायला सुई पाहिजे, शिकलेला माणूस पाहिजे, ते कुठनं आणायचं? डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पुड्या करायला लावल्या, लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, आणि पेला दिला नातेवाइकांच्या हातात. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरनं चारच्या खाली आलं. माप आधीच पुडीत बंद, त्यामुळं दमलेल्या, घाबरलेल्या माणसाकडनं चुकायला जागाच कमी राहिली. आपल्या घरातली ओआरएसची पुडी त्याच कल्पनेची की, आतली मापं तेवढी आता बदललीत.

पुढचं भराभर सांगतो. 1994ला रवांडाचे निर्वासित शेजारच्या काँगोतल्या (तेव्हाचं झाईर) गोमा शहरात आले, कॉलरा आणि हगवणीनं काही आठवड्यांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, मदतीला संस्था मात्र ढिगानं आलेल्या. त्या धक्क्यातनं 1997ला स्फिअर प्रकल्प निघाला, म्हणजे माणशी पाणी किती, संडास किती, दवाखान्यात काय पाहिजेच, ह्याचे किमान नियम. 2010च्या हैती भूकंपात परत तेच, कुठनं कुठनं टीम विमानानं उतरल्या, हातपाय कापले, नोंदी अर्धवट, आणि टीम परत गेल्यावर त्या जखमा बघणार कोण? त्यातनं 2013ला जागतिक आरोग्य संघटनेनं बाहेरनं येणाऱ्या टीमसाठी किमान अटी काढल्या. साध्या हॉस्पिटलातल्या चुकांवर 1999च्या अमेरिकेतल्या रिपोर्टपासनं बोंब सुरू झालेली, ऑपरेशनची चेकलिस्ट 2008ची. तंबूतल्या दवाखान्यापर्यंत हे सगळं जरा उशिराच पोचलं.

17 सप्टेंबर हा पेशंट सेफ्टीचा जागतिक दिवस पहिल्यांदा पाळला तो पण 2019लाच, आमचा पूर ओसरून महिना झाला होता, काकू तेव्हा घरातला चिखल काढत होती.

आता मिरगाच्या आधी ती गोळ्यांची स्ट्रिप आणि डॉक्टरची चिठ्ठी दुधाच्या पिशवीत गुंडाळून रबर लावून ठेवते, आणि नातवाकडनं स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलात काढून घेतलाय. स्ट्रिप कापायची तर नाव नसलेल्या बाजूनं काप, असं मेडिकलवाल्याला पण दम देऊन आलीय.