हीटर, हिमोग्लोबिन आणि एका पंतप्रधानाचा मृत्यू

झुराब झ्वानिया हीटरमुळे गेले असं सांगितलं, की ऐकणारा हमखास विचारतो, ‘मग वास कसा आला नाही?’ आणि दुसऱ्या मिनिटाला कटकारस्थानाची चर्चा सुरू होते.

झ्वानिया हे कॉकेशसमधल्या जॉर्जियाचे पंतप्रधान. राजधानी तिबिलिसीच्या विद्यापीठात ते जीवशास्त्र शिकले. सोव्हिएत काळाच्या अखेरीस पर्यावरण चळवळीतून पुढे आले, ग्रीन पार्टी उभी केली, मग देशाचे नेते शेवर्दनाझे यांच्या पक्षात जाऊन 1995 मध्ये संसदेचे सभापती झाले. 2001 मध्ये त्यांनी ते पद सोडलं. नोव्हेंबर 2003 च्या ‘गुलाब क्रांती’त साकाश्विली आणि बुर्जानाद्झे या विरोधी नेत्यांसोबत त्यांनी त्याच शेवर्दनाझेंना पायउतार व्हायला लावलं. फेब्रुवारी 2004 मध्ये ते पंतप्रधान झाले आणि वर्षभरातच, 3 फेब्रुवारी 2005 रोजी, तिबिलिसीतल्या एका फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडले. वय अवघं 41. सोबत राऊल उसुपोव्ह हे एका प्रांताचे उपराज्यपाल, तेही मृत. फोनला उत्तर मिळेना म्हणून अंगरक्षक खिडकीतून आत शिरले, असं सरकारने सांगितलं. खोलीत गॅसचा हीटर होता. सोव्हिएत काळातली शहरभर ऊब पुरवणारी व्यवस्था नव्वदच्या दशकात कोलमडली, तेव्हापासून असे हीटर तिथे घरोघरी आले होते.

आता वासाचं. घरगुती गॅसला वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण इथे गॅस गळत नव्हता, जळत होता. वासाचं रसायनही त्याच्यासोबत जळून जातं. हवा अपुरी पडली, की कार्बन पूर्ण न जळता कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत.

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतो. साधं गणित करा. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. मोनॉक्साईड फक्त 0.1 टक्का असला, म्हणजे ऑक्सिजन त्याच्या 210 पट असला, तरी त्याची पकडही साधारण तितक्याच पट घट्ट, म्हणून काही तासांत निम्मं हिमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जातं. इथवर शाळेच्या पुस्तकातही असतं. मला खरी गंमत पुढे वाटते.

निम्मं हिमोग्लोबिन गेलं तर माणूस मरायलाच हवा का? आपल्याकडे सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या कितीतरी बायका धाप लागत का होईना, दिवसभर कामं करतात. सात म्हणजे जवळपास निम्मंच. मात्र मोनॉक्साईडने निम्मं अडवलेला माणूस बेशुद्ध पडतो. असं का?

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि त्या एकमेकींची खबर ठेवतात. एक भरली की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि बाकीच्या जागांची पकड वाढते. फुप्फुसात हे सोयीचं असतं. स्नायूत किंवा मेंदूत ऑक्सिजनचा दाब कमी असतो, तिथे एक सुटला की पकड सैल होऊन बाकीचेही सुटू लागतात. मोनॉक्साईडने एक जागा पकडली, की रेणू ‘घट्ट पकडी’च्या आकारातच अडकतो. एसटीत कुणी रुमाल टाकून एक सीट अडवावी इतकंच असतं तर चाललं असतं. इथे रुमालामुळे उरलेले तीन प्रवासीही आपल्या थांब्यावर उतरेनासे होतात. एरवी ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 26-27 मिलिमीटरवर आला, की हिमोग्लोबिन निम्मा ऑक्सिजन सोडून देतं. आता त्यासाठी दाब बराच खाली जावा लागतो, म्हणजेच दाबानुसार हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरतं हे दाखवणाऱ्या आलेखाची एस आकाराची रेषा डावीकडे सरकते आणि तिचा बाक नाहीसा होतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण तो मेंदूला मिळत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ, भास ही या विषबाधेची लक्षणं. 1921 मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती. त्यांना घरात पावलांचे आवाज यायचे, अनोळखी माणसं दिसायची. दोष निघाला घर तापवणाऱ्या, बिघडलेल्या भट्टीचा. वास्तुशांती नव्हे, भट्टीची दुरुस्ती कामी आली.

झ्वानियांच्या बाबतीत अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या तज्ज्ञांनीही मोनॉक्साईडचाच निष्कर्ष दिला. कुटुंबीयांच्या शंका मात्र मिटल्या नाहीत आणि 2012 च्या सत्तांतरानंतर तपास पुन्हा उघडला गेला. मेल्यावर श्वास थांबतो, त्यामुळे मोनॉक्साईड रक्तात तसाच राहतो आणि प्रयोगशाळा त्याचं प्रमाण नेमकं सांगू शकते. हीटर कुणी आणि कसा बसवला, हे रक्तावरून कळत नाही. ते काम पोलिसांचं. पण ‘धडधाकट माणूस हीटरने कसा मरेल?’ हा युक्तिवाद कुणी करू नये.

आपल्याकडे हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावतात, ती याच मार्गाने. गीझर बाथरूमच्या बाहेर असायला हवा आणि त्याचा धूर थेट उघड्यावर जायला हवा. कुणी आत बेशुद्ध सापडलं, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा. साध्या हवेत मोनॉक्साईड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला मोनॉक्साईड लागलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, त्यामुळे माणूस मरणाच्या दारात असतानाही तो 98 दाखवू शकतो.