चार बाजू कळल्या, म्हणून क्षेत्रफळ कळतं?

वेड्यावाकड्या वावराचं क्षेत्रफळ काढायची एक फार जुनी रीत आहे. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या एकमेकींनी गुणायच्या. इजिप्तमधल्या एडफूच्या देवळाच्या भिंतींवर टॉलेमी राजांच्या काळातल्या दानजमिनींचे हिशेब याच रीतीने कोरलेले आहेत. तुकडा आयताकृती असेल तर उत्तर बरोबर. नाहीतर ते नेहमी जास्तच भरतं, कमी कधीच नाही. सारा वसूल करणाऱ्याला याची तक्रार कशाला असेल!

इ. स. ६२८ मध्ये गणिती ब्रह्मगुप्ताने ही रीत दिली, पण तिला ‘स्थूल’, म्हणजे ढोबळ, म्हटलं. सोबत चार बाजूंवरून ‘सूक्ष्म’, म्हणजे नेमकं, क्षेत्रफळ काढायचं सूत्रही दिलं. चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असतील तरच ते लागू पडतं. ही अट मात्र श्लोकात नाही.

त्यावर बोट ठेवलं भास्कराचार्यांनी, ११५० च्या ‘लीलावती’त. बाजू त्याच राहिल्या तरी कर्ण बदलले की क्षेत्रफळ बदलतं. खिळखिळी झालेली बाज आठवा: माचवा एका अंगाला कलला की चारही लाकडं तेवढीच राहतात, आतली जागा आक्रसते. ३३ फुटी बाजूंचा चौरस १,०८९ चौरस फूट भरतो. तोच कलून एक कर्ण ३३ फुटांवर आला की उरतात जेमतेम ९४३. म्हणून कर्ण न सांगता चौकोनाचं नेमकं फळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा, असं आचार्य लिहून गेले. गणिताच्या ग्रंथात इतका राग क्वचितच सापडतो.

मराठी मुलखात शिवकाळात काठीने मोजणी होई; वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. पुढे इंग्रजी अमलात, १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनींची नव्याने पाहणी सुरू केली. मुंबई इलाख्यात रुळलेली साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, एकेक भाग म्हणजे आणा. एक साखळी चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीच्या मोजणीत शेताच्या पोटातून सरळ रेषा टाकून बांधाच्या वळणांपर्यंत काटकोनात लंब मोजतात आणि त्रिकोण-समलंबांची बेरीज करतात. म्हणजे नुसत्या बांधांवर भिस्त नाही, आतलं मापही हाताशी येतं.

आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा साधारण १०१. व्यवहारात माणसं अजून गुंठाच बोलतात.